वाळेबाबाचं पाखरू

"आला! वाळा आला!"

जुन्या मिठागराच्या बांधावर तीनशे माणसं एकदम ओरडली आणि त्यातली निम्मी तिथल्या तिथे खाली बसून नमस्कार करू लागली. दांडीकडची कोळी मंडळी होती, रात्रपाळी संपवून परस्पर आलेले बोईसरचे कामगार होते, डोंगरातून मजुरीला उतरलेली वारली माणसं होती. सगळ्यांच्या नजरा एका माणसाच्या मुठीवर खिळल्या होत्या. मुठीत चिमणीएवढं एक पाखरू होतं. त्याचं तोंड लाल फडक्याखाली झाकलेलं आणि पाय बाहेर लोंबत होते. एका पायात चांदीसारखं चकाकणारं इवलंसं कडं होतं.

"देखो, भाविकहो, डोळे भरून देखो!" मुठीचा मालक गरजला. "काल ह्याच पाखराच्या चोचीने मी जमनाबाईच्या हातातलं विष ओढलं. काल पाय रिकामा होता की नव्हता?"

"होता! होता!"

"समुद्रावर सोडलं की नाही तुमच्यादेखत?"

"सोडलं!"

"आणि आज बंद टोपलीत आपल्या पायाने परत आलं! विष वाळ्यात कैद! भैरवनाथाची मोहोर आहे ही. हिच्यावरची अक्षरं माणसाची नाहीत. वाचायला जाईल त्याची नजर जाईल!"

माझी नजर शाबूत आहे, चष्म्याचा नंबरही वाढलेला नाही. आणि तसली अक्षरं मी रोज पहाटे वाचत होतो, कारण ते वाळे मीच घालत होतो.

मी पंढरी सावे, तिथल्या वस्तीवरच्या शाळेचा मास्तर. गोष्ट १९८४च्या जानेवारीतली. दर हिवाळ्यात आमच्या खाडीच्या चिखलात हजारो पाखरं उतरतात. ती पार सैबेरियाकडून येतात आणि उन्हाळा लागला की परत जातात. ती कुठून येतात, पुढल्या वर्षी तीच येतात की दुसरी, हे कळावं म्हणून मुंबईच्या पक्षी-अभ्यासकांनी मिठागराच्या टोकाला दोन तंबू आणि एक झोपडी टाकून केंद्र चालवलं होतं. पहाटेच्या भरतीला पाखरं चिखल सोडून बांधावर येतात. तिथे बारीक जाळी लावून ती धरायची, पंख मोजायचे, वजन करायचं, पायात अ‍ॅल्युमिनियमचं कडं अडकवायचं आणि सोडून द्यायची. कड्यावर इंग्रजीत 'मुंबईला कळवा' असं लिहिलेलं आणि खाली नंबर. मोठे साहेब पंधरवड्यातून एकदा यायचे. एरवी नोंदवही माझ्याकडे असायची आणि मी शाळा भरायच्या आत दोन तास हे काम करायचो. त्या पंधरवड्यात भरती साहेबांच्या सोयीची नव्हती. सगळा कारभार माझ्याच गळ्यात होता.

त्याआधीच्या रविवारी जमनाला कुत्रा चावला होता. जमना मारुतीची बायको, वय सव्वीस. बोंबील वाळत घालत असताना कुत्र्याने मागून येऊन तिच्या मनगटाचा लचका तोडला. महिन्यापूर्वी असल्याच एका कुत्र्याने तिच्या गोठ्यातल्या वासराला धरलं होतं, आणि हा कुत्रा तर दोन दिवसांत लाळ गाळत कुंपणाशी मेला. तो पिसाळलेला होता हे सांगायला डॉक्टरची गरज नव्हती. त्या काळी उपाय एकच होता. पोटात चौदा इंजेक्शनं, रोज एक, चौदा दिवस सलग. त्यासाठी एसटीने बोईसर, तिथून पुढे तालुक्याचा दवाखाना. जमनाने चार घेतली. पाचव्या दिवशी, गुरुवारी, ती दवाखान्याऐवजी वाळेबाबाच्या बांधावर गेली.

हा बाबा दहा-बारा दिवसांपूर्वीच उगवला होता. आधी डोकेदुखी, मग कंबर, मग बाधा असे छोटे मासे गळाला लावत तो आता कुत्र्याच्या विषापर्यंत आला होता. त्याचा नियम असा: पाखरू रोग्यावरून ओवाळायचं, समुद्रावर सोडायचं, दुसऱ्या दिवशी ते वाळा घालून परत येणार, आणि मग ते रोग्याने घरी टोपलीखाली ठेवायचं. पाखरू जगलं तर विष कैदेत आहे. मेलं तर विष मेलं. म्हणजे काहीही झालं तरी बाबा बरोबर!

आणि एक शेवटची अट होती.

"आता सुई टोचायची नाही," बाबा जमनाला म्हणाला. "लोखंड अंगात शिरलं की वाळा तुटणार. विष परत माघारी. मग मला बोलू नका."

---

वाळा आला त्या शुक्रवारी दुपारी मी मारुतीच्या घरी गेलो. माझ्याबरोबर ठकी होती.

ठकी आमच्या केंद्राची खरी मालकीण. मनोरच्या पलीकडच्या डोंगरातली वारलीण, भात झोडून झालं की मजुरीला खाली उतरायची. तिचा बाप फासे लावून पाखरं धरायचा, त्यामुळे जाळीतून पाखरू सोडवताना तिच्या हाताखाली कधी पंख मोडला नाही. आम्ही पुस्तकं चाळून नावं लावायचो. तिला नावांचं काही नव्हतं. कडं घालताना पाखराचे पाय तिच्या बोटांत असायचे म्हणून तिने आपली वेगळीच वाटणी केली होती. एका पाटीत 'तीन बोटी', दुसरीत 'चार बोटी'. मागचं बारीक बोट आहे की नाही, एवढंच ती पाहायची. साहेब हसायचे, पण वाटणी कधी चुकली नाही.

जमना ओटीवर बसली होती. मनगटाला मळकी पट्टी. शेजारी उपड्या टोपलीखाली पाखरू. मी टोपली उचलून कडं पाहिलं आणि नंबर हातावर लिहून घेतला.

"मारुती, उद्या हिला दवाखान्यात ने," मी म्हटलं. "एक दिवस कालचा गेला, एक आजचा गेला. ही सुई चुकवायची नसते रे!"

मारुतीने जमनाकडे पाहिलं. त्याची आई रखमाबाई आतून म्हणाली, "मास्तर, सुई घेऊन माणसं मरत नाय काय? बाबानं विष काढलाय. आमी डोल्यांनी बघितलाय."

"डोळ्यांनी काय बघितलं, मावशी? कडं? तसली तीन पेट्या भरून कडी माझ्या तंबूत आहेत."

"मंग तुमच्याकडची पाखरं विष काढतात काय?" तिने विचारलं.

मारुती मला सोडायला दारापर्यंत आला. हळूच म्हणाला, "मास्तर, तुमी पुरावा दाखवा. आई ऐकल. मी उद्या नेतो तिला."

पुरावा माझ्या वहीत होता! रात्री नंबर ताडून पाहिला. शुक्रवार, पहाटे सहा वाजून दहा मिनिटं, टिलवा, वजन बावीस ग्रॅम. अक्षर माझंच. मी खूश झालो. हा बाबा उद्या चारी मुंड्या चीत, असं मनाशी म्हणत निवांत झोपलो. माझ्या मूर्खपणाचा तो कळस होता.

---

शनिवारी सकाळी मी वही काखोटीला मारून बांधावर गेलो. मारुती, जमना, रखमाबाई पुढेच बसली होती. मी वही उघडून मोठ्याने नंबर वाचला, तारीख वाचली, वेळ वाचली.

"हे कडं कुठल्या भैरवनाथाने घातलेलं नाही," मी म्हणालो. "शुक्रवारी पहाटे मी घातलंय. ह्या हातांनी!"

मारुतीने आईकडे पाहिलं. बाबा डोळे मिटून बसला होता. त्याने ते सावकाश उघडले, उठला, आणि चालत येऊन चक्क माझ्या पाया पडला.

"धन्य हो मास्तर! मी पाखरू कधी सोडलं? गुरुवारी. तुम्ही वाळा कधी घातला? शुक्रवारी पहाटे. तुम्हाला कळलं पण नाही, देवाने तुमचे हात वापरले! भाविकहो, मी म्हणत होतो मोहोर देवाची आहे. आज मास्तरांच्या वहीत साक्ष निघाली!"

एकच गदारोळ झाला. एक म्हातारी माझ्या पायांवर डोकं ठेवू लागली. कुणी माझा हात धरून तो आपल्या पोराच्या कपाळाला लावला. मी ओरडत होतो, "अहो ऐका! तेच पाखरू कशावरून?" पण माझा आवाज मलाच ऐकू येईना. मारुतीने माझ्याकडे पाहून हात जोडले. ते आभाराचे होते. मी त्याला शंका काढायला शिकवायला गेलो आणि उरलेली शंकाही काढून घेतली.

त्या दिवशीची एसटी गेली. जमनाचा तिसरा दिवस बुडाला.

संध्याकाळी तिच्या गोठ्यातलं वासरू बिथरलं. दावं चावत होतं, भिंतीवर डोकं आपटत होतं, पाण्याची बादली पुढे केली की थरथर कापत मागे सरकत होतं. मारुतीने त्याला धरायला हात घातला तेव्हा त्याचे हात कोपरापर्यंत लाळेने भिजले. दिवेलागणीला वासरू मेलं. मला वाटलं, आता तरी ह्यांचे डोळे उघडतील.

"बघितला?" रखमाबाई रडत म्हणाली. "वासराला वाला नव्हता, वासरू गेला. माजी सून बसलीय धडधाकट!" आणि ती मारुतीच्या लाळेने भिजलेल्या हातांकडे बघून किंचाळली, "तुला बी ओवालून घ्यायला पायजे रे बाबा!"

घरात टोपलीखालचं पाखरू तेवढ्यात मरून पडलं होतं. त्याला कुणी काही खायला दिलं नव्हतं, आणि एवढ्या जिवाला उपाशी एक दिवसही पुष्कळ होतो. रखमाबाईने त्याला हळदकुंकू वाहिलं. विष मेलं.

मी तंबूत जाऊन डोकं धरून बसलो. ठकी जाळ्या गुंडाळत होती. मी तिच्यावरच चिडलो. "तू काय बघत बसलीस? बाई मरेल ती! असं तसं मरण नाही. पाण्याला घाबरत, ओरडत मरेल. आणि ती मेल्यावर हे लोक म्हणतील मास्तराने वाचलं म्हणून वाळा तुटला!"

ठकीने जाळीची गाठ सोडवली. मग म्हणाली, "मास्तर, तुमी वाला बघितलाव. मी पाय बघितलाय. जमनाचा पाखरू चार बोटी हाय."

"मग?"

"बाबा बांधावरशी फासे लावतो. मी बघितलेत फासे. कोरड्यावर फाशाला कोन लागतो? तीन बोटी. चार बोटी चिखलात चरतो, त्याला जालीच लागतो." तिने जाळी बाजूला ठेवली. "उद्या मारुतीला ओवालनार. सोडाच्या आधी मला पाय बघायचेत."

म्हणजे सोडलेलं पाखरू एक आणि परत आलेलं दुसरंच! तीन बोटी म्हणजे आमच्या पुस्तकातला चिखल्या, चार बोटी म्हणजे टिलवा. दोन्ही वरून मातकट, खालून पांढरे. चोचीत फरक असतो, पण तोंडावर तर लाल फडकं! किनाऱ्यावरच्या माणसाला मासा कुठला ते शेपटीवरून कळतं. चिखलातल्या पाखरांकडे मात्र कुणी कधी पाहत नाही. सगळी एकच.

---

रविवारी सकाळी बाबाने मारुतीला पुढ्यात बसवलं. पाखरू काढलं, फडक्याने तोंड झाकलं, ओवाळायला लागला. "ॐ भैरवा, विष घे, लाळ घे, श्वानदोष घे..."

"बाबा," गर्दीतून ठकी पुढे झाली. "पाखराच्या पाया पडू दे."

बाबाने तिच्याकडे पाहिलं. फाटकं लुगडं, हात जोडलेले, मान खाली. एवढी श्रद्धा पाहून तो खूश झाला.

"पड, बाई, पड. पाखरू म्हणजे देवाचं वाहन."

ठकीने डोकं पाखराच्या पायांना लावलं आणि बोटांनी त्यांना हात लावून घेतला. मग मागे वळून म्हणाली, "मावशी, तू बी पड. तुजा लेक हाय. बोटांना हात लाव, एकेक करून. आमच्यात असाच करतात."

लेकाच्या जिवासाठी रखमाबाई विहिरीतही उतरली असती. तिने पुढे होऊन पाखराच्या एकेका बोटाला कुंकू लावलं. "एक, दोन, तीन," ठकी शेजारून मोजत होती. "मागं बोट हाय, मावशी?"

"नाय," रखमाबाई म्हणाली. "तीनच हायेत."

बाबाने पाखरू समुद्रावर सोडलं. लोकांनी जयजयकार केला. जमनाचा चौथा दिवस बुडाला. मी तो दिवस कसा काढला ते मला माहीत. शाळेला सुट्टी होती. दोनदा मारुतीच्या घरावरून फिरून आलो आणि दोन्ही वेळा जमना पाणी पिते की नाही हे कुंपणापलीकडून चोरासारखं पाहिलं.

---

सोमवारी बांधावर पाय ठेवायला जागा नव्हती. साडेनऊची एसटी फाट्यावर लागायला अजून तासभर होता. बाबाने नेहमीची टोपली उपडी करून दाखवली, आत हात फिरवला, झाकण लावलं, समुद्राकडे तोंड करून टाळ्या पिटल्या. झाकण उघडलं आणि मूठ वर काढली. वाळा!

"मारुतीचं विष बंद!"

"बाबा, पाया पडू दे," ठकी म्हणाली.

ह्या वेळी बाबाच्या कपाळाला आठी पडली. "काल पडलीस ना?"

"काल वाला नव्हता."

लोक हसले. रखमाबाई तर पुढे आलीच होती. तिने ओल्या कुंकवाचं बोट पाखराच्या पायाला लावलं. एक, दोन, तीन. मग तिचं बोट मागे सरकलं आणि तिथेच थांबलं.

"काय झाला, मावशी?" ठकीने विचारलं. आवाज मुद्दाम मोठा.

"चार हायेत," रखमाबाई पुटपुटली.

"काल?"

"तीन व्हते. मी सवता मोजलेत. आन माजा कुंकू कुठाय? एक टिपका बी नाय."

मी तेवढ्याचीच वाट पाहत होतो. "ऐकलंत का?" मी ओरडलो. "एका दिवसात पाखराला वाळा आला, तो देवाने घातला, मान्य! पण बोटही नवीन फुटलं? की हे पाखरूच दुसरं?"

बाबा क्षणभरच गडबडला. मग त्याचा हात ठकीकडे रोखला गेला. "भुताळी आहे ही! डोंगरातली भुताळी! पाखराला हात लावून करणी केली हिने! धरा तिला!"

हा शब्द आमच्या भागात हसण्यावारी नेण्याचा नाही. भुताळी म्हटलेल्या बाईला दगडांनी मारलेलं मी ऐकलं होतं. गर्दी ठकीभोवती सरकली, मागून कुणीतरी तिचा पदर ओढला, एकाने बांधावरचा दगड उचलला. खोटं कशाला सांगू, मी पुढे झालो नाही.

ठकी हलली नाही. तिने खाली वाकून बाबाची टोपली उचलली आणि आपटली. बाबा तिच्या अंगावर धावला, पण मधे मारुती उभा राहिला. टोपलीचा तळ निखळला. ती एक टोपली नव्हतीच. एकात एक बसवलेल्या दोन टोपल्या होत्या, मधे वीतभर पोकळी, कडेला हात जाईल एवढं दार. आणि त्या पोकळीत पाच पाखरं, पाचही कडी घातलेली, अंधारात गप्प बसलेली.

अंधारात पाखरू ओरडत नाही, हा आमच्या केंद्रातला पहिला धडा. तो बाबाला कुणी शिकवला, ते मला त्या क्षणी कळलं. मी गर्दीत बन्सीला शोधलं. बन्सी बीडकडून बोईसरच्या कारखान्यात आलेला, काम सुटल्यावर आमच्याकडे पाट्या वाहायला लागलेला. पहाटे जाळीत भिजून मलूल झालेली पाखरं मी त्याच्या हवाली करायचो. ऊन लागलं की सोड म्हणायचो. सोडली का, हे कधी पाहायला गेलो नाही.

बन्सी रडतच पुढे आला. "चुकलं, मास्तर. बाबा म्हनला, ही देवाच्या कामाला लागत्यात, तुझ्या बायकूची कूस उजवल. म्या रोज चार-पाच दिली. जमनाबाईला सुई बंद करायला लावल, हे मला ठावं न्हवतं. आईशपथ न्हवतं."

दगड उचललेल्या माणसाने तो टाकला नाही. दगडाची दिशा फक्त बदलली. बाबाने धोतर सावरलं आणि मिठागरातून पळत सुटला, पन्नास माणसं त्याच्यामागे. मलाही वाटलं होतं, जाऊन निदान दोन लाथा घालाव्यात. पण ठकीने माझा सदरा धरला.

"मास्तर, एसटी."

बाबा पळाला. त्याला पकडला नाही, हे लोक मला अजून ऐकवतात. पळू दे!

---

आम्ही चौघं एसटीत बसलो. जमना खिडकीशी, शेजारी ठकी, मागे मारुती आणि मी. मी विजयाच्या नशेत बडबडत होतो. टोपलीचा तळ, चौथं बोट, बाबाचं तोंड. जमना खिडकीबाहेर बघत होती.

दवाखान्यात डॉक्टरांनी तिचा कागद पाहिला आणि तो टेबलावर आपटला. "चार दिवस खाडा? मागचं सगळं वाया. आता पहिल्यापासून चौदा. आणि हा लाळेत हात घालणारा शहाणा, ह्यालापण चौदा. वाचेल की नाही, आज सांगता येणार नाही."

जमना भिंतीला टेकली. "नको," ती म्हणाली. "घरी चला."

माझा पारा चढला. "अगं, बाबा खोटा आहे हे आत्ता डोळ्यांनी पाहिलंस ना?"

"मला ठाव व्हता, मास्तर." तिने पहिल्यांदा माझ्याकडे सरळ पाहिलं. "दुसऱ्याच दिशी. मी टोपलीच्या जवल बसलेली. त्याचा हात आत जाताना मी बघितला."

"मग बोलली का नाहीस?"

तिने फक्त व्हरांड्याकडे बोट केलं. मी आजवर त्या दवाखान्यात दहादा आलो असेन, पण ते मी पाहिलं नव्हतं. कुत्रा चावलेल्यांची रांग व्हरांड्यातच होती. तिथेच बाकड्यावर आडवं व्हायचं, लुगडं सोडून पोट उघडं करायचं, आणि समोर रांगेतले पुरुष बघत उभे. आडोसा नाही, पडदा नाही. सुई टोचणारा वर ओरडायचा, "हलू नको, नखरे नको!"

"चार दिवस मी मेल्यावानी पडून राहिली तिथं," जमना म्हणाली. "पाचव्या दिशी कोनीतरी बोल्ला, नको जाऊ. बस. मला तेवढाच पायजे व्हता."

मारुती मान खाली घालून उभा होता. तो रोज तिला दवाखान्याच्या फाटकापर्यंत सोडायचा आणि बाहेर बिडी ओढत थांबायचा. मी तर तेवढंही केलं नव्हतं. मी फक्त सांगत होतो.

ठकीने कुणाला विचारलं नाही. डोक्यावरची चादर सोडली, एक टोक माझ्या हातात दिलं, दुसरं मारुतीच्या. "तोंड तिकडं करा," म्हणाली. आम्ही दोघं चादर ताणून, पाठ करून उभे राहिलो. ठकी आत जमनाचा हात धरून बसली. सुई टोचणारा ओरडायला लागला, तर तिने त्याला वारलीत काहीतरी ऐकवलं. काय ते मला कळलं नाही, पण त्याने आवाज खाली आणला.

चौदा दिवस आम्ही ती चादर धरली. माझी रोजची अर्ध्या दिवसाची रजा शाळा-तपासनिसांना पटेना. त्यांना मी कारण लिहून दिलं: पडदा धरण्यासाठी. चौदाव्या दिवशी इतर बायकांचे नवरेही आपापली धोतरं-चादरी घेऊन आले होते.

पुढचं सहा महिने धाकधूक होती. जमना वाचली. मारुतीही वाचला. बाबा दुसऱ्या कुठल्या तरी तालुक्यात दुसरं काहीतरी घेऊन बसला असेल, ह्याबद्दल मला शंका नाही. टोपलीचा तळ, आतलं दार, लपवलेली पाखरं हे सगळं मी तेव्हापासून शाळेत पोरांना करून दाखवतो. ते दाखवलंच पाहिजे, दर वर्षी दाखवलं पाहिजे. प्रत्येक गोष्ट हाताने तपासा, मोजा, विचारा, हे मी मरेपर्यंत सांगणार आहे.

पण आणखी एक सांगतो आणि ते स्वतःच्या थोबाडीत मारून सांगतो. बाबाकडे जायला अख्खं गाव सोबत येतं. सुई टोचून घ्यायला बाई एकटी जाते. तुमच्या गावात उद्या कुणाला कुत्रा चावला, तर बाबा खरा की खोटा हा वाद मागाहून घाला. आधी उठा, आणि तिच्यासोबत एसटीत बसा.